वाहक आणि साक्षीदार : कुरव पक्षी व किनाऱ्यावरील रोगजंतू यांविषयीच्या संशोधनाचे परीक्षण

शास्त्रीय निबंधाच्या शीर्षकाकडे आपण जितके चिकित्सक दृष्टीने पाहावयास हवे तितके पाहत नाही. निबंध सर्वस्वी वाचणारे थोडे. शीर्षक वाचून मत बनविणारे पुष्कळ. कुरव पक्षी आणि मानवी रोगजंतू यांच्या संबंधावर गेल्या अर्धशतकात जे लेखन झाले, त्याची नुसती शीर्षके एका बैठकीत वाचून काढली तर हा पक्षी कोणी अट्टल गुन्हेगार असावा असा ग्रह होतो. कोठे तो ‘वाहक’ ठरला आहे, कोठे ‘प्रसारक’, कोठे रोगजंतूंचा ‘साठा’, तर कोठे सार्वजनिक आरोग्याला ‘धोका’. शीर्षकाखालील मजकूर मात्र अनेकदा निराळीच हकीकत सांगत असतो. या दोहोंमधील अंतर किती व ते कशामुळे पडते, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न केला आहे.

प्रथम या पक्ष्याविषयी. मराठीत ज्याला कुरव म्हणतात आणि मुंबईकर ज्याला सरसकट सीगल म्हणतो, तो पक्षी आहाराच्या बाबतीत मुळीच सोवळा नाही. मासळी, खेकडे, किडे, मेलेली जनावरे, बंदरातील माशांची आतडी, शहराच्या कचऱ्यातील उष्टेखरकटे आणि समुद्रात सोडलेल्या मैलापाण्याच्या तोंडाशी तरंगणारे घनपदार्थ, यांपैकी जे मिळेल ते तो खातो. परंतु दिवसभर उकिरड्यावर चरणारा हाच पक्षी सायंकाळी स्नानासाठी व विश्रांतीसाठी शांत, मोकळ्या आणि पुष्कळदा स्वच्छ अशा पाण्याकडे वळतो. त्याच्या दिनक्रमातील ही दोन टोके ध्यानात घेतल्यावाचून पुढील वादाचा उलगडा होणार नाही.

या विषयावरील लेखनात डी. आर. फेनलन यांचा १९८१ साली ‘जर्नल ऑफ हायजीन’मध्ये प्रसिद्ध झालेला स्कॉटलंडमधील कुरवांविषयीचा निबंध आजही आधारभूत मानला जातो, आणि ते योग्यच आहे. त्यांनी कुरवांच्या शीटेचे १२४१ नमुने तपासले. त्यांपैकी १२.९ टक्के, म्हणजे सुमारे १६० नमुन्यांत साल्मोनेला वर्गाचे जंतू सापडले. मैलापाण्याच्या नळांच्या तोंडांजवळ घेतलेल्या नमुन्यांत हेच प्रमाण १७ ते २१ टक्क्यांपर्यंत चढले. एकूण २७ उपप्रकार मिळाले, आणि या उपप्रकारांची यादी व त्यांचे परस्पर प्रमाण ही माणसांत आढळणाऱ्या उपप्रकारांशी मिळतीजुळती निघाली. यावरून पक्ष्यांना हे जंतू मैलापाण्यातून मिळत असावेत, असे फेनलन यांनी सुचविले. निबंधाच्या शीर्षकात मात्र कुरव हे साल्मोनेलाचे प्रसारक म्हणूनच अवतरतात. म्हणजे शीर्षकातील बाण पक्ष्याकडून माणसाकडे रोखलेला, आणि पुराव्यातील बाण माणसाकडून पक्ष्याकडे! लेखकाने वाचकाला फसविले असे मुळीच म्हणावयाचे नाही. निष्कर्ष त्यांनी प्रांजळपणे मांडला आहे. परंतु पुढे ज्यांनी ज्यांनी या निबंधाचा हवाला दिला, त्यांपैकी अनेकांनी शीर्षकाचाच हवाला दिला, निष्कर्षाचा नव्हे.

येथे एक अवांतर गोष्ट नमूद करण्याचा मोह आवरत नाही. या तपासणीत साल्मोनेलाचा एक नवीन उपप्रकार हाती लागला व त्याला स्कॉटलंडमधील प्रांतावरून ‘ग्रॅम्पियन’ असे नाव मिळाले. साल्मोनेलाच्या उपप्रकारांना गावांची नावे देण्याची प्रथा जुनी आहे. त्या परंपरेत आपल्या पुण्याचेही नाव ‘साल्मोनेला पूना’ या रूपाने जगाच्या जंतुशास्त्रात कायमचे जाऊन बसले आहे. २०१५ साली मेक्सिकोतून अमेरिकेत गेलेल्या काकड्यांमुळे जी साथ उद्भवली ती याच ‘पूना’ उपप्रकाराची होती. त्या साथीशी पुणे शहराचा नावापलीकडे काहीही संबंध नव्हता. जंतू जेथे सापडला ते स्थळ आणि जंतू जेथून आला ते स्थळ, ही दोन एकच असतात असे नाही, याचे याहून सुटसुटीत उदाहरण शोधूनही मिळणार नाही. कुरवाच्या बाबतीत नेमकी हीच गल्लत होते.

फेनलन यांच्या निबंधातील एक अनुमान मात्र, ते आमच्या प्रतिपादनाला अनुकूल असूनही, जसेच्या तसे स्वीकारता येत नाही. शीटेच्या ज्या नमुन्यांत जंतू सापडले त्यांत त्यांची संख्या दर ग्रॅमला ०.१८ ते १९१ एवढीच होती. मैलापाण्यात ती दर लिटरला १० ते ८० भरली. या दोन संख्या सारख्याच आहेत असे धरून, कुरव हा जंतूंची केवळ ने-आण करीत असावा, त्याच्या स्वतःच्या आतड्यात त्यांची लागण होत नसावी, असे निबंधात सुचविले आहे. परंतु एक संख्या ग्रॅमची आहे व दुसरी लिटरची. लिटरभर पाण्याचे वजन हजार ग्रॅमच्या आसपास भरते हे लक्षात घेतले तर शीटेतील सर्वांत लहान आकडादेखील मैलापाण्यातील सर्वांत मोठ्या आकड्याच्या वर जातो. आता, कुरव मैलापाणी पीत नाही, त्यातील घनपदार्थ वेचून खातो, आणि जंतू पाण्यापेक्षा घनपदार्थांवर अधिक दाट असतात, असे उत्तर यावर देता येईल. ते बहुधा बरोबरही असेल. पण मग तुलना त्या घनपदार्थांशी करावयास हवी होती. पक्षी ही नुसती नळी आहे की त्याच्या पोटात जंतूंची थोडीफार वाढही होते, हा प्रश्न त्या आकड्यांनी सुटत नाही. पक्ष्याची बाजू घेणाऱ्यांनीही तो सुटला असे समजू नये.

दर ग्रॅमला १९१ ही संख्या माणसाला आजारी पाडण्यास पुरेशी आहे काय? स्वयंसेवकांवर झालेल्या जुन्या प्रयोगांत साल्मोनेलाचा आजार होण्यासाठी साधारणतः लक्षावधी जंतू पोटात जावे लागले होते. प्रत्यक्ष साथींमध्ये मात्र त्याहून फार थोडे जंतू पुरल्याची उदाहरणे आहेत. शिवाय उबदार हवेत उघड्या पडलेल्या अन्नावर थोडे जंतू काही तासांत पुष्कळ होतात. तेव्हा समुद्रात पडलेली शीट आणि मासळीच्या टोपलीत पडलेली शीट यांना एकाच मापाने मोजणे चूक आहे. ‘धोका’ हा शब्द वापरणाऱ्या निबंधांत हा फरक क्वचितच केलेला दिसतो.

आतापर्यंतच्या विवेचनावरून कोणी असे म्हणेल की, हा सारा ‘चोर सोडून संन्याशाला सुळी’ असा प्रकार आहे. आमचे म्हणणे तसे नाही. कुरव संन्यासी नव्हे. ग्लासगो शहराचे उदाहरण या दृष्टीने फार बोलके आहे. त्या शहराला १८५९ पासून लॉक कॅट्रिन या डोंगरातील सरोवराचे पाणी मिळते. ते पाणी मूळचेच अत्यंत निर्मळ. ते दूरवरून आणून शहराच्या उत्तरेस मिल्गाय येथील जलाशयांत साठविले जाते. या जलाशयांवर रात्रीच्या मुक्कामाला येणाऱ्या कुरवांमुळे पाण्यातील जंतूंची संख्या वाढते, असे तेथील अभ्यासकांनी १९८३ साली ‘वॉटर रिसर्च’मधील निबंधात दाखवून दिले. उपायही केला गेला : कुरवांच्या भयसूचक आरोळ्या ध्वनिक्षेपकावरून ऐकवून त्यांना मुक्कामापासून परावृत्त करण्यात आले. येथे पक्षी खराखुरा वाहक आहे. डोंगरातील पाण्यात माणसाचा मैला पोहोचण्याचा दुसरा मार्गच नव्हता. तो मार्ग पक्ष्याने उघडला. या निबंधाचे विशेष कौतुक अशासाठी की, त्यात आरोप आहे, पुरावा आहे, आणि आरोपीला हटविल्यानंतर काय घडले याची नोंदही आहे.

ग्लासगोच्या उदाहरणावरून जी कसोटी मिळते ती साधी आहे, आणि या विषयावरील सर्व लेखनाला ती लावून पाहावी असे प्रस्तुत लेखकाला वाटते. पक्षी घाणीतून स्वच्छतेकडे जातो तेव्हा तो वाहक असतो. पक्षी घाणीतून घाणीकडे जातो तेव्हा तो त्या घाणीत मोजण्याजोगी भर घालीत नाही. तिची साक्ष तेवढी देतो. ज्या खाडीत लक्षावधी माणसांचा मैला दररोज येऊन पडतो, तेथे काही शे पक्ष्यांच्या विष्ठेतील जंतू मोजून ‘पक्ष्यांमुळे प्रदूषण’ असे अनुमान काढणे म्हणजे नदीला पूर आला असता काठावर ओल्या अंगाने बसलेल्या माणसाकडे बोट दाखविण्यासारखे आहे.

याच काळातील आणखी एका निबंधाचा उल्लेख करणे अगत्याचे आहे. जे. सी. कूल्सन व त्यांचे सहकारी यांनी १९८३ मध्ये मेंढ्या व गुरे यांमधील ‘साल्मोनेला माँटेव्हिडिओ’च्या साथींचा संबंध हेरिंग कुरवांशी जोडला. पुरावा परिस्थितिजन्य होता आणि पक्ष्यांच्या हंगामी हालचालींवर त्याची मुख्य भिस्त होती. पक्षी यावेत आणि मेंढ्या आजारी पडाव्यात, हा कावळा बसण्यास आणि फांदी तुटण्यास एकच गाठ पडण्याचा प्रकार असू शकतो, याची लेखकांना पूर्ण जाणीव होती. म्हणून त्यांनी शीर्षकातच कुरवाला ‘संभाव्य’ प्रसारक म्हटले. एका विशेषणाने निबंधाची प्रतिष्ठा कशी राखली जाते, ते येथे पाहावे.

पुढील काळात संशोधनाचा रोख साल्मोनेलावरून प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जंतूंकडे वळला. फेनलन यांच्या संग्रहात असे प्रतिरोधक जंतू थोडेच होते. अवघ्या २१ जंतूंत प्रतिरोध आढळला. त्यांपैकी बहुतेकांतील प्रतिरोधाची सूत्रे एका जंतूतून दुसऱ्यात जाऊ शकणाऱ्या प्लाझ्मिडांवर होती, हे मात्र त्यांनी त्या वेळीच टिपून ठेवले होते. त्यानंतर २००८ मध्ये आर्क्टिक प्रदेशातील पक्ष्यांच्या इ. कोलाय जंतूंत प्रतिरोधाची जनुके असल्याचे प्रसिद्ध झाले. जेथे औषधांचा वापर जवळजवळ नाही तेथेही औषधांना दाद न देणारे जंतू, ही वार्ता धक्कादायक होती. २००९ मध्ये फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील पीतपाद कुरवांत सेफॅलोस्पोरिन वर्गातील औषधे निष्प्रभ करणारे, सीटीएक्स-एम जनुके बाळगणारे जंतू सापडल्याचे जाहीर झाले. ही जनुके माणसांतील संसर्गातून आधीच सर्वपरिचित होती. स्कॉटलंड, आर्क्टिक आणि फ्रान्स येथील पक्षी निराळे, जंतू निराळे, तपासण्याच्या पद्धतीही निराळ्या. म्हणून या आकड्यांची काटेकोर तुलना करणे योग्य होणार नाही. तथापि मधल्या पंचवीस-तीस वर्षांत पक्ष्याच्या आहारात वा शरीरात असे काय बदलले की त्याच्या आतड्यात ही नवी संपत्ती गोळा व्हावी? पक्ष्यात काहीच बदलले नाही. बदलले ते आपले औषधोपचार, आपली रुग्णालये आणि त्यांतून बाहेर पडणारे पाणी.

फ्रान्समधील निबंधाच्या शीर्षकाने प्रसार ‘माणसे व कुरव यांच्यामध्ये’ होतो असे म्हटले आहे. हे शब्द वरकरणी समतोल आहेत. परंतु ‘मध्ये’ या एका शब्दाने दिशेचा प्रश्न टाळला जातो हे विसरून चालणार नाही. एकाच घराण्याचा जंतू माणसात आणि पक्ष्यात आढळला, यावरून दोघांचा एका मूळ स्रोताशी संबंध सिद्ध होतो. कोणी कोणाला दिला हे सिद्ध होत नाही. त्यासाठी काळाचा क्रम लागतो, आणि या वर्गातील बहुतेक निबंध एकाच हंगामात, एकदाच घेतलेल्या नमुन्यांवर आधारलेले असतात.

या दृष्टीने ऑस्ट्रेलियातील पोर्ट केंब्लाजवळच्या फाइव्ह आयलंड्स बेटांवरील अभ्यास अधिक मोलाचा वाटतो. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या या निबंधासाठी घरट्यातील रुपेरी कुरवांची पिले तपासण्यात आली होती, आणि त्यांच्यात कार्बापेनेम या अखेरच्या फळीतील औषधांनाही न जुमानणारे जंतू मोठ्या प्रमाणात मिळाले. पिलू घरटे सोडून कोठे गेलेले नसते. त्याला कोणी कार्बापेनेम दिलेले नसते. आईबापांनी चोचीतून जे आणून भरविले तेवढाच त्याचा जगाशी संबंध. असे असता त्याच्या पोटातील जंतूचा उगम शोधण्यासाठी मुख्य भूमीवरील उकिरड्याकडे आणि सांडपाण्याकडेच वळावे लागते. नमुना कोणाचा घ्यावा याची निवड विचारपूर्वक केली तर दिशेचा प्रश्न अर्धा तरी सुटतो, तो असा. खेदाची गोष्ट एवढीच की, अशा अभ्यासांवरून पुढे जे लिहिले जाते त्यात पुन्हा ‘साठा’ हाच शब्द येतो. साठा म्हणजे बाहेरून काही न मिळताही जे टिकून राहते ते. कुरवाच्या बाबतीत हे टिकणे किती दिवसांचे, हा प्रश्न न विचारताच त्याला साठा म्हणणे घाईचे आहे.

प्रतिपक्षाचा सर्वांत बळकट पुरावा समुद्राचा नव्हे, गोड्या पाण्याचा आहे. अमेरिकेतील मिशिगन सरोवराच्या एका स्नानाच्या किनाऱ्यावर शिकविलेले कुत्रे सोडून कुरवांना हुसकावण्यात आले. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतानुसार दररोजच्या पक्ष्यांची सरासरी ६६५ वरून १७ वर आली, आणि त्याबरोबर पाण्यातील इ. कोलाय व एन्टेरोकॉकस जंतूंची संख्याही लक्षणीय घटली. प्रयोग स्वच्छ आहे. त्यात खोट काढण्याचे कारण नाही. तथापि येथे काय घटले ते नीट पाहावयास हवे. इ. कोलाय व एन्टेरोकॉकस हे निर्देशक जंतू आहेत. पाण्यात माणसाचा मैला मिसळला आहे काय हे कळावे म्हणून आपण ते मोजतो. ते पक्ष्याच्या आतड्यातही असतात, आणि साधे मोजमाप दोहोंत भेद करीत नाही. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या जोखमीच्या गणितांत, निर्देशक जंतूंची संख्या समान धरली असता, कुरवांच्या विष्ठेने दूषित पाण्यात पोहणाऱ्याला होणारा धोका मानवी मैल्याने दूषित पाण्यातील धोक्यापेक्षा बराच कमी भरला. याचे एक कारण उघड आहे : माणसाला पोटाचे विकार जडविणारे विषाणू माणसाच्या मैल्यातून येतात, पक्ष्याच्या शीटेतून नव्हे. म्हणजे कुत्र्यांनी किनाऱ्यावरील आकडा उतरविला तितक्याच प्रमाणात आजारही उतरले असतील असे समजण्याचे कारण नाही. जेथे आकड्यावर किनारा खुला वा बंद ठेवण्याचा निर्णय अवलंबून असतो, तेथे पक्षी हुसकावणे हा स्वस्त उपाय आणि मैलापाण्याचे शुद्धीकरण हा महाग उपाय. व्यवस्थापक कोणता निवडील हे सांगावयास नको. शब्दांच्या ढिलाईची किंमत येथे मोजली जाते. ती पक्ष्यालाही मोजावी लागते : ज्याला उपद्रवी म्हणून सगळीकडून हाकलले जाते तो हेरिंग कुरव २००९ पासून ब्रिटनमध्ये संख्या घटल्यामुळे चिंताजनक पक्ष्यांच्या तांबड्या यादीत आहे.

आपल्याकडे हा प्रश्न केवळ ग्रंथालयातला नाही. हिवाळ्यात मुंबईच्या किनाऱ्यावर कुरवांचे थवे उतरतात. त्यांतील तपकिरी डोक्याचा कुरव लडाख व तिबेटच्या उंच सरोवरांवर वीण करून येथे येतो. गेटवेवरून घारापुरीकडे जाणाऱ्या लाँचमागे हे पक्षी उडत राहतात आणि उतारू त्यांना गाठी-शेवेचे तुकडे भिरकावतात. त्याच शहराचे मैलापाणी वरळी व वांद्रे येथून समुद्राच्या तळाखालून सुमारे साडेतीन किलोमीटर आत नेऊन सोडले जाते. उरलेले नाले व मिठी नदी वाट फुटेल तसे खाडीत मिळतात. उद्या आपल्या एखाद्या विद्यार्थ्याने या पक्ष्यांची शीट गोळा करून त्यात प्रतिरोधक जंतू दाखवून दिले, तर वर्तमानपत्रांत कोणता मथळा येईल याची कल्पना करणे अवघड नाही. असा अभ्यास होऊ नये असे नव्हे. तो अवश्य व्हावा. पण त्यात शीटेच्या प्रत्येक नमुन्याबरोबर त्याच दिवशीचे, त्याच ठिकाणचे समुद्राचे पाणी आणि जवळच्या नाल्याचे पाणी तपासले गेले पाहिजे. तसे न केल्यास जो निबंध तयार होईल तो फेनलन यांच्या १९८१ मधील निबंधाच्या मागेच राहील, कारण त्यांनी निदान नळाच्या तोंडाजवळचे व दूरचे नमुने वेगळे ठेवले होते.

आणि आपल्याला एक सोय अशी आहे की जी स्कॉटलंडच्या वा ऑस्ट्रेलियाच्या अभ्यासकांना सहजी लाभली नाही. त्यांचे पक्षी बहुतांशी त्याच मुलखात राहणारे. आपले पाहुणे येतात आणि जातात. थव्यांतील पहिले पक्षी पाण्यावर उतरताच, शहराचे अन्न त्यांच्या पोटात जाण्यापूर्वी, घेतलेले नमुने आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी, ते परत निघण्याच्या सुमारास घेतलेले नमुने, असे दोन संच शेजारी ठेवता येतील. वाटेतल्या तळ्यांवरील मुक्कामांत त्यांनी जे गोळा केले असेल ते पहिल्या संचात उतरेल, ही अडचण आहेच. म्हणून लडाखमधील विणीच्या जागी तिसरा संच घेता आला तर उत्तम. खर्च फार नाही. नमुने बर्फात ठेवून त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोहोचवावे लागतील, आणि शीट वाळूवरची न घेता पक्षी उडताच ताजी, शक्यतो फळीवरून वा होडीच्या काठावरून उचलावी लागेल. नाहीतर वाळूतील जंतू पक्ष्याच्या नावावर जमा होतील.